वजनाच्या ऑपरेशनची तयारी: फाईल, पैसा, भीती आणि घरचे, सगळं सविस्तर

माझी मोठी बहीण अमळनेरला असते. वजन ११८ किलो, उंची पाच फूट एक इंच, शुगर आठ वर्षांपासून, गुडघे गेलेले आणि रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा तेव्हा दाजी उठून तिला हलवायचे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिचं वजन कमी करण्याचं (बॅरिएट्रिक) ऑपरेशन झालं, आज ती ८२ वर आहे. तेव्हापासून जळगाव, धुळे, पार शहाद्याहून ओळखीच्या लोकांचे फोन येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

आधी एकच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपल्याकडे हे ऑपरेशन लोक चोरून करतात. नातेवाईकांना सांगतात पित्ताशयाचं आहे, डॉक्टरला तंबाखूचं सांगत नाहीत, इन्शुरन्सच्या फॉर्मवर शुगर लिहीत नाहीत. आम्हीपण थोडं लपवलं आणि जिथे जिथे लपवलं तिथे तिथे वेळ नाहीतर पैसा गेला. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं पण तयारी चार-सहा महिन्यांची, आणि त्या तयारीतलं अर्ध काम म्हणजे खरं ते कागदावर आणणं.

ऑपरेशन लागतं का, ते आधी बघा

बीएमआय काढा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे तो आकडा. वजन किलोमध्ये घ्या, त्याला उंचीने मीटरमध्ये दोनदा भागा. ताईचं ११८ भागिले १.५५ भागिले परत १.५५, म्हणजे ४९. २०२२ मध्ये या सर्जरीच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी नियम बदलले, त्याप्रमाणे बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशनचा सल्ला देता येतो, ३० ते ३५ मध्ये शुगरसारखा आजार असेल तर विचार होतो, आणि आपल्या आशियाई लोकांसाठी हा आकडा अजून खाली, २७.५ पासून धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातच पोटावर चरबी आणि शुगर सुरू होते.

पण इन्शुरन्सवाल्यांचा आकडा वेगळा आहे आणि इथेच लोक फसतात. त्यांच्या नियमात बीएमआय ४० किंवा जास्त पाहिजे, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत चारपैकी एक आजार: लठ्ठपणामुळे हार्टचा स्नायू कमजोर होणं, हार्टच्या नळ्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, किंवा औषधं चालू असूनही कंट्रोलमध्ये न येणारी टाईप टू शुगर. वय १८ पूर्ण पाहिजे, डॉक्टरचा लेखी सल्ला पाहिजे आणि आधी साधे उपाय करून फरक पडला नाही हे दिसलं पाहिजे. म्हणजे समजा तुमचा बीएमआय ३३ आहे आणि शुगर आहे, तर डॉक्टर हो म्हणतील आणि कंपनी नाही म्हणेल, दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्यामुळे डॉक्टर हो म्हणाले म्हणून ॲडव्हान्स भरून मोकळे होऊ नका.

अजून एक, २०२५ च्या मार्चपासून भारतात मौंजारो आलंय, आठवड्याला एक इंजेक्शन, वजन चांगलं कमी होतं. ज्यांचा बीएमआय तिशीच्या आसपास आहे त्यांनी आधी फिजिशियनशी याबद्दल बोलावं असं माझं मत आहे. पण सुई बंद केली की बहुतेकांचं वजन परत वाढायला लागतं आणि खर्च महिन्याचा महिन्याला चालू राहतो. चार-पाच वर्षांचा हिशोब मांडून मगच ठरवा.

कोणतं ऑपरेशन, थोडक्यात

मुख्य प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग कापून काढून टाकतात, केळाएवढी नळी उरते (आमच्या केळीच्या भागात हे समजवायला डॉक्टरला जास्त कष्ट पडले नाहीत). भूक लावणारं हार्मोनही त्या काढलेल्या भागात जास्त बनतं म्हणून भूकच कमी होते. हे परत जोडता येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून आतडं पुढे जोडतात, शुगरवर त्याचा परिणाम सहसा जास्त दिसतो पण व्हिटॅमिनची कमतरता जास्त होते आणि गोळ्या एकदम काटेकोर घ्याव्या लागतात. ज्यांना आधीच खूप ॲसिडिटी, छातीत जळजळ आहे त्यांनी स्लीव्हबद्दल दोनदा विचारावं, त्याने ती वाढू शकते. दोन्ही दुर्बिणीतूनच होतात, पोटावर चार-पाच छोटी छिद्रं, दोन-तीन दिवसांत घरी. वजन साधारण वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के उतरतं. ११८ किलोची बाई ५५ ची होत नाही, हे आधीच मनाला सांगून ठेवा म्हणजे नंतर निराशा येत नाही.

फाईल, आजपासूनच

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. ताईने दहा वर्षांत काय नाही केलं, जिममध्ये गेली, डायटिशियन झाल्या दोन, सकाळी उठून तापी काठावर चालायची माहेरी आली की. पण कंपनीने विचारलं की वजन कमी करण्याचे आधीचे प्रयत्न दाखवा, तेव्हा हातात कागद शून्य. रात्री अकरा वाजता दाजींनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला, रेशन कार्ड, पोरांच्या मार्कशीट, केळीच्या बिलांच्या पावत्या, आणि त्यात तळाशी एक पिवळा पडलेला डाएट चार्ट सापडला, डायटिशियनच्या शिक्क्यासकट, तारीख तीन वर्षं जुनी, कोपऱ्यावर वरणाचा डाग. त्या एका कागदावर आमचं काम पुढे सरकलं, पण असं नशिबावर सोडू नका.

एक प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि यात टाकत जा: प्रत्येक डायटिशियनचा तारीख आणि सही असलेला कागद, दर महिन्याला डॉक्टरकडे मोजलेलं वजन त्यांच्याच लेटरहेडवर किंवा केसपेपरवर, एचबीए१सी चे (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) जुने-नवे सगळे रिपोर्ट, गुडघ्याचे एक्सरे, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी. घोरणं असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. तो रिपोर्ट इन्शुरन्सला पण चालतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला पण लागतो, कारण श्वास अडकण्याचा त्रास माहीत नसताना भूल देणं धोक्याचं. बिलं ओरिजिनल ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

पैसे

मोठ्या शहरात अडीच ते पाच लाखांच्या मध्ये कोटेशन येतं, हॉस्पिटल, रूम आणि ऑपरेशनचा प्रकार बघून. फरक कशाने पडतो तर स्टेपलरने. जठर कापून शिवायला जे स्टेपलर आणि त्याच्या कार्ट्रिज लागतात त्या महाग असतात आणि एका ऑपरेशनला पाच-सहा लागतात. कोटेशनमध्ये स्टेपलर धरलेत का, किती धरलेत, एखादी कार्ट्रिज जास्त लागली तर बिल वाढणार का, आयसीयूची एक रात्र पॅकेजमध्ये आहे का, हे चार प्रश्न लेखी विचारा.

पॉलिसी हातात घ्या आणि या गोष्टी बघा. एक, वेटिंग पिरीयड. आधीपासूनच्या आजाराला आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, जास्त नाही. पॉलिसी नवीन असेल तर उरलेले महिने मोजा आणि तेवढ्यात फाईल तयार करा, वेळ वाया गेला असं समजू नका. दोन, आजार लिहिलाय का. ताईची पॉलिसी काढताना एजंट म्हणाला होता शुगर लिहू नका, प्रीमियम वाढतो. दाजींनी ऐकलं नाही, लिहिली, प्रीमियम जास्त भरला, आणि क्लेमच्या वेळी त्याच एका ओळीमुळे आम्ही मान वर करून बोलू शकलो. तुमच्या पॉलिसीत नसेल लिहिलं तर आधी कंपनीला लेखी कळवा.

तीन, रूमचं भाडं. समजा पॉलिसी ५ लाखांची आणि रूमला एक टक्का लिमिट, म्हणजे दिवसाला ५ हजार. तुम्ही ८ हजारांची रूम घेतली तर वाटतं वरचे ३ हजार आपण भरू. तसं नसतं. सर्जनची फी, ओटीचा खर्च, नर्सिंग यातही त्याच हिशोबाने कपात होते, म्हणजे १०० रुपयांमागे साडेबासष्टच मिळतात. लिमिटमधलीच रूम घ्या. दोन रात्रींसाठी एसी आणि सोफा नको, भेटायला येणारे दहा पाहुणे तर त्याहून नको.

आमचा हिशोब सांगतो. हॉस्पिटलचं बिल ३ लाख ६० हजार, कंपनीने दिले ३ लाख ५ हजार, बाकीचे ५५ हजार आमचे, त्यात हातमोजे, ड्रेसिंग, ॲडमिशन फी असं बरंच. आधीच्या टेस्ट २२ हजार. जाणं-येणं, लॉज, जेवण १४ हजार. पहिल्या वर्षीची प्रोटीन पावडर, व्हिटॅमिन, रक्ताच्या तपासण्या ३० हजार. म्हणजे खिशातून १ लाख २१ हजार गेले. टेस्टचे १६ हजार नंतर परत मिळाले कारण ॲडमिट होण्याआधीचा ठराविक दिवसांचा खर्च पॉलिसीत बसतो, पण तो वेगळा क्लेम करावा लागतो, आपोआप येत नाही. कॅशलेस असलं तरी लाख-सव्वा लाख हाताशी ठेवा, असं त्यामुळे सांगतो.

पैसे कमी पडत असतील तर माझं स्पष्ट मत: घरातलं सोनं बँकेत ठेवून गोल्ड लोन घ्या, मोबाईलच्या ॲपवरचं कर्ज घेऊ नका. हॉस्पिटल बिनव्याजी ईएमआय म्हणत असेल तर प्रोसेसिंग फी किती आणि कॅश भरली तर डिस्काउंट किती, हे विचारा, व्याज बहुतेक तिथेच दडलेलं असतं. केळीचे किंवा कापसाचे पैसे येण्याच्या वेळेशी तारीख जुळवता येते, हे इमर्जन्सी ऑपरेशन नाही. भुसावळकडचे रेल्वेवाले, वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले, सरकारी शिक्षक यांनी आधी आपल्या ऑफिसातून लेखी मंजुरीचे नियम घ्यावेत, ऑपरेशननंतर अर्ज केला की फार नाचवतात. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी मुंबईच्या मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये सर्जरीच्या ओपीडीत जाऊन विचारावं, चकरा जास्त होतील पण खर्च कितीतरी कमी.

क्लेम नाकारला तर रडत बसू नका. कारण लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागात लिहा, मग विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर, आणि तिथेही नाही झालं तर विमा लोकपाल, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. खान्देशासाठी पुण्याचं ऑफिस.

डॉक्टर आणि गाव

नाशिक, संभाजीनगर, मुंबई, नंदुरबारवाल्यांना सुरत, रावेर-चोपड्याकडच्यांना इंदूर, पर्याय बरेच आहेत. मी जाहिरात बघून ठरवू नका म्हणेन. किती ऑपरेशन केलीत, गुंतागुंत झाली तर रात्री कोण असतं, डायटिशियन फोन उचलते का, वर्षभराच्या तपासण्या कोण बघणार हे विचारा. आणि त्यांचे एक-दोन जुने पेशंट भेटू द्या म्हणा, ज्यांना तीन-चार वर्षं झालीत असे. सहा महिन्यांवाला सगळा खूशच असतो.

अंतराचा विचार करा. टाके लीक होणं, रक्तस्राव, पायात गाठ होऊन ती फुफ्फुसात जाणं, हे धोके बहुतेक पहिल्या दोन-तीन आठवड्यांतले. म्हणून आम्ही डिस्चार्जनंतर आठवडाभर हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर मावसभावाकडे थांबलो. गावातल्या आपल्या नेहमीच्या एमडी डॉक्टरला आधीच सगळं सांगून ठेवा, डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स त्यांच्याकडे द्या. ताप, नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी कळ, दम लागणं, एका पिंडरीला सूज, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, यातलं काहीही झालं तर गॅस असेल म्हणून ओवा-पाणी देत बसायचं नाही, सर्जनला फोन आणि गाडी काढायची.

सीझन पण बघा. आपला मे महिना म्हणजे ४४-४५ डिग्री, आणि ऑपरेशननंतर पहिला महिना माणूस घोट-घोट पाणी पितो, एकदम ग्लासभर पिताच येत नाही. शरीरातलं पाणी कमी होऊन सलाईनला परत ॲडमिट व्हावं लागतं. पावसाळ्यापासून थंडीपर्यंतची तारीख घ्या. लग्नसराई आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीया) तोंडावर तर नकोच, घर पाहुण्यांनी भरलेलं, मांडे आणि आमरस समोर, आणि हिने वाटीत डाळीचं पाणी घेऊन बसायचं, हे कोणावर येऊ नये.

शेवटचे दोन महिने

टेस्ट बऱ्याच असतात: रक्त, थायरॉईड, लिव्हर, किडनी, बी१२, डी, आयर्न, सोनोग्राफी, दुर्बिणीने जठर बघणं, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्सरे. बी१२ आणि डी आपल्याकडे शाकाहारी घरात कमीच निघतं, ते आधीच भरून काढा. एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, ताईला वाटला होता आणि बाहेर आली तेव्हा म्हणाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की राग आला की तू खातेस का.

तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगरेट सहा आठवडे आधीच बंद. इथे आम्ही दुसरी चूक केली. ताई सकाळी मिश्री लावायची, चाळीस वर्षांची सवय माहेरपासूनची, लाजेने बोलली नाही. भुलेच्या डॉक्टरांनी दात बघितले आणि सरळ विचारलं. तारीख सहा आठवडे पुढे गेली, लॉजचे पैसे गेले, पण मला अजूनही वाटतं त्या डॉक्टरांनी तिचा जीव सांभाळला, कारण तंबाखूने टाके भरायला वेळ लागतो आणि फुफ्फुसाचा त्रास वाढतो.

रोजच्या गोळ्यांची यादी द्या. रक्त पातळ करणाऱ्या, शुगरच्या डॅपाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या, वजनाची इंजेक्शनं, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, सगळं. काही किती दिवस आधी थांबवायच्या ते तेच सांगतील, मनाने काही बंद करू नका.

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे लिव्हर आटवण्याचा डाएट असतो. लिव्हर चरबीने फुगलेलं असेल तर ते जठरावर पडून राहतं आणि सर्जनला जागा मिळत नाही. या पंधरा दिवसांत बट्टी, शेवभाजी, भात, साखर सगळं बंद, प्रोटीन शेक, पातळ ताक, मुगाचं कढण, पनीर, अंड्याचा पांढरा भाग. फुफ्फुसाच्या व्यायामाला तीन छोट्या चेंडूंचं खेळणं देतात, त्यातून रोज श्वास ओढा. पायी चाला, अर्धा तास तरी.

घरचे आणि भीती

आईने ऐकलं तेव्हा एकच म्हणाली, पोट फाडीसन काय भेटी तुले? तिला समजवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आकडा सांगितला, चांगल्या सेंटरला जिवाचा धोका साधारण हजारात एक, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास, आणि ४९ बीएमआय, शुगर आणि श्वास अडकणं घेऊन जगण्याचा धोका त्याहून मोठा. सासूबाईंना मात्र आम्ही हर्निया सांगितलं होतं, ही तिसरी चूक. पाचव्या दिवशी त्या प्रेमाने शिरा करून घेऊन आल्या आणि ताई नाही म्हणू शकली नाही, दोन चमचे गेले आणि रात्रभर उलट्या. दुसऱ्या दिवशी दाजींनी खरं सांगितलं. त्या रागावल्या, पण आठवड्याने तिच्यासाठी डाळीचं पाणी गाळून ठेवायला लागल्या त्या लागल्याच.

केस गळतात, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, नंतर येतात, प्रोटीन आणि आयर्न नीट असेल तर. कातडी लोंबते, ती व्यायामाने पूर्ण जात नाही. मूल हवं असणाऱ्यांनी वर्ष ते दीड वर्ष थांबायचं, आणि वजन उतरलं की दिवस लवकर राहू शकतात म्हणून साधन डॉक्टरला विचारून वापरायचं. मन उदास होतं, कारण खाण्यातून मिळणारा दिलासा एकदम काढून घेतलेला असतो. टेली मानसचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलतात, फोन करायला लाजू नका.

नंतरचं ताट

पहिले दिवस पाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, मग दोनेक आठवडे पातळ, मग मऊ कुस्करलेलं, साधारण दोन महिन्यांनी घरचं जेवण, पण मूठभर. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि एका अंड्यात ६, कपभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, म्हणजे नुसत्या वरणावर भागत नाही, पावडरचा खर्च त्यासाठीच. पेनकिलर मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाही, विशेषतः बायपासवाल्यांनी, जठरात जखम होते. दारू लवकर आणि जास्त चढते. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी देतात, ती मध्येच सोडू नका.

व्हिटॅमिन, आयर्न, कॅल्शियम आणि बी१२ आयुष्यभर. कॅल्शियम आणि आयर्न एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. चौथ्या-पाचव्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि लोक गोळ्या सोडतात, मग वर्षभराने हातापायाला मुंग्या आणि थकवा घेऊन येतात.

या जानेवारीत शेतात भरताची पार्टी होती. काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, कळण्याची भाकरी, सगळं तसंच. ताईने स्टीलच्या वाटीत भरीत घेतलं, मिरची बाजूला काढली, चहाच्या चमच्याने वीस मिनिटं लावून खाल्लं, आणि भाकरीचा चतकोर तुकडा. आई समोर बसून बघत होती. तिने अजून वाढायला पळी उचलली आणि परत पातेल्यात ठेवली. मग ताईने पर्समधून डबी काढली, त्यात वारांचे खाने, दुपारची गोळी घेतली आणि आम्ही दोघं केळीच्या बागेतून चक्कर मारायला गेलो.